दक्षिण मुंबई लोकसभा : बालेकिल्ला होता तरी कुणाचा?

चाळकरी (धागाकर्ता)

मंडळी, मेहुण्याशी पैज लागली आहे आणि पैजेवर दोन किलो खरवस आहे. तेव्हा धागा गांभीर्याने घ्यावा.

झालं असं की रविवारी जेवताना राजकारण निघालं. मेहुणा म्हणाला, "दक्षिण मुंबई म्हणजे पहिल्यापासून काँग्रेसची जहागीर. देवरा बापलेकांनी सलग तीस वर्षं काढली. २०१४ला लाटेत सेनेच्या पदरात पडली, बस." मी म्हटलं, साफ चूक. मी ठाकूरद्वारला वाढलो. आमच्या चाळीत निकालाच्या दिवशी कधी पेढे यायचे, कधी कुणी दार उघडायचं नाही. ही जागा कुणाची जहागीर असल्यासारखी कधी वागली नाही. पण आकडे मागितल्यावर माझी ततपप झाली.

तर १९५२ पासूनचा हिशेब कुणी मांडेल का? बालेकिल्ला म्हणता येईल का? आणि अर्थातच कुणाकडे किस्से असतील तर तेही येऊ द्या.

कट्ट्यावरचा

रुमाल टाकून ठेवतो. खरवसात वाटा असेल तर अभ्यास करून येतो.

दप्तरी

घ्या हिशेब. १९५२, ५७ आणि ६२ : स. का. पाटील, काँग्रेस. १९६७ : जॉर्ज फर्नांडिस, संयुक्त सोशलिस्ट. १९७१ : एन. एन. कैलास, काँग्रेस. १९७७ आणि ८० : रतनसिंह राजडा, जनता पक्ष. १९८४, ८९, ९१ : मुरली देवरा, काँग्रेस. १९९६ : जयवंतीबेन मेहता, भाजप. १९९८ : पुन्हा मुरली देवरा. १९९९ : पुन्हा जयवंतीबेन. २००४ आणि ०९ : मिलिंद देवरा. २०१४, १९, २४ : अरविंद सावंत, शिवसेना (२४ला ठाकऱ्यांची).

एकूण १८ निवडणुका, काँग्रेस १०, बाकीचे ८. याला बालेकिल्ला म्हणायचं असेल तर त्याचा दरवाजा बराचसा उघडाच असायचा. आणि "सलग तीस वर्षं" हे तर धादांत खोटं. देवरा घराण्याच्या सहा विजयांमध्ये दोनदा जयवंतीबेन घुसल्या आहेत.

चाळकरी

दप्तरी, साष्टांग नमस्कार. मेहुण्याला पाठवलं. त्याचं उत्तर : "दहा म्हणजे बहुमत." 🙄

खेतवाडीचा नातू

१९६७ वर कुणीतरी नीट लिहायला हवं, मी सुरुवात करतो. स. का. पाटील म्हणजे त्या काळातले मुंबईचे अनभिषिक्त राजे. तीन वेळा महापौर, मग केंद्रात मंत्री, निवडणुकीच्या वेळी तर खुद्द रेल्वेमंत्री. त्यांच्यासमोर कोण, तर मंगळूरहून आलेला, चौपाटीच्या बाकड्यावर रात्री काढलेला, टॅक्सीवाले आणि पालिका कामगारांच्या युनियन चालवणारा छत्तीस वर्षांचा माणूस. पाटलांना देवसुद्धा हरवू शकत नाही असं बोललं जायचं. जॉर्जच्या पोस्टरवर एवढंच होतं की तुम्ही स. का. पाटलांना हरवू शकता.

आमची आजी खेतवाडीत राहायची. तिचा पाटलांवरचा राग १९५५चा. फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला त्या दिवशी तिचा धाकटा भाऊ एका पायात चप्पल घालून घरी आला होता. दुसरी तिथेच राहिली. संयुक्त महाराष्ट्राला विरोध करणारे सदोबा पाटील तिच्या लेखी त्या एका चपलेचे देणेकरी होते. ५७ला त्यांच्या विरुद्ध मत दिलं, ते निवडून आले. ६२ला दिलं, पुन्हा तेच. ६७ला मात्र मतदानाच्या आदल्या रात्री तिने आजोबांना बजावलं होतं म्हणे, "बैलजोडीवर शिक्का मारलात तर उद्या जेवायला बैलांकडे जा." निकालाच्या दिवशी घरात साखर बेताचीच होती, तरी शिरा झाला. तिचं पालुपद शेवटपर्यंत होतं, "देवाला मत नसतं, मला आहे." हे बहुतेक प्रचारसभेतूनच उचललेलं असणार, पण आजीच्या तोंडी शोभायचं.

टोचरा

गोष्ट छान आहे, पण ५७ला सगळीकडे संयुक्त महाराष्ट्र समितीचं वारं असताना पाटील निवडून आले कसे, ते सांगा ना. हुतात्मा चौक ज्या मतदारसंघात आहे तिथूनच मुंबई महाराष्ट्राला देऊ नका म्हणणारा माणूस लोकसभेत जातो. याचाच अर्थ तेव्हाही तिथे मराठी माणूस निर्णायक नव्हता.

खेतवाडीचा नातू

@टोचरा, अगदी बरोबर. काळबादेवी, भुलेश्वर, झवेरी बाजार, मलबार हिल, फोर्ट. कापड बाजार, शेअर बाजार आणि गोदी एकाच मतदारसंघात. गिरगाव मराठी, पण गिरगाव म्हणजे अख्खं दक्षिण मुंबई नव्हे. त्याच ५७ मध्ये शेजारच्या मुंबई शहर मध्य मधून कम्युनिस्ट डांगे प्रचंड मतांनी आले. रस्ता ओलांडला की वेगळं जग.

दप्तरी

पाटील-जॉर्ज प्रकरणात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. हरले ते रेल्वेमंत्री. ज्याने हरवलं त्याने १९७४ला अख्ख्या देशाची रेल्वे बंद पाडली आणि १९८९ला तोच रेल्वेमंत्री झाला. पाटील मूळचे सिंधुदुर्गातले, आणि त्यांच्या सिंधुदुर्गात कोकण रेल्वे नेण्याचं काम मार्गी लावलं ते मंगळूरच्या जॉर्जनी.

कट्ट्यावरचा

म्हणजे गणपतीत सावंतवाडीला उभ्याने जाताना शिव्या कुणाला घालायच्या, सदोबांना की जॉर्जला? 😀

एडिसनकर

अवांतर : १९७१ला याच जागेवर नवल टाटा अपक्ष उभे होते ना? वडील सांगायचे.

दप्तरी

हो, उभे होते आणि पडले. इंदिराबाईंची लाट होती, काँग्रेसचे कैलास आले. शहराच्या निम्म्या पाट्यांवर ज्यांचं नाव, त्यांना शहराच्या मतपेटीने नाही म्हटलं. तीच कथा पुढे मीरा संन्याल यांची. बँकेतल्या मोठ्या पदावरून रजा घेऊन २००९ला अपक्ष, डिपॉझिट गेलं. २०१४ला 'आप'कडून, तरी नाहीच. या मतदारसंघात पैसेवाले राहतात म्हणून पैसेवाला उमेदवार चालतो हा गैरसमज आहे.

मतमोजणी मास्तर

इतका वेळ वाचतोय, आता राहवत नाही. निवृत्त शिक्षक आहे, म्हणजेच निवडणूक ड्युटीचा निवृत्त हमाल. २००९ला माझी ड्युटी मलबार हिलच्या बाजूच्या एका शाळेत लागली होती. ३० एप्रिल, गुरुवार. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन, मग शनिवार-रविवार. ज्याने ही तारीख ठरवली त्याला शंभर तोफांची सलामी.

आधी पाच महिन्यांपूर्वी २६/११ झालं होतं. गेटवेवर मेणबत्त्या घेऊन माणसांचा समुद्र लोटला होता. आम्हाला वाटलं, आज रांगा लागणार. माझ्याकडे शाईचं काम. ती बाटली कलंडू नये म्हणून वाळू भरलेल्या डब्यात रोवून ठेवतात. सकाळी सात ते नऊ रांग होती, पण कुणाची? ड्रायव्हर, स्वयंपाकाच्या बाया, लिफ्टमन, इमारतींच्या मागच्या खोल्यांत राहणारे. एका बाईच्या बोटाला पीठ होतं, शाई धरेना. तिला म्हटलं पुसून या, तर म्हणाली, "मास्तर, साहेबांना साडेआठला पोळ्या लागतात, असंच लावा." लावली. अकरानंतर आम्ही पंख्याखाली बसून होतो. दुपारी एक आजोबा आले, कडक इस्त्रीचा सदरा, छातीवर जुनं पेन. माझ्यासमोर बोट धरून विचारलं, "आमच्या इमारतीतला मी कितवा?" यादी पाहून सांगितलं, चौथा. एकोणीस मजल्यांची इमारत होती.

मतदारसंघात मतदान ४० टक्क्यांच्या आसपास झालं.

बोरिवली फास्ट

मास्तर, __/\\__. पण हे "श्रीमंत मत देत नाहीत" फार सोपं झालंय. २०२४ला सावंतांच्या विरोधात शिंदे सेनेच्या यामिनी जाधवांना मलबार हिलने सुमारे ४८ हजारांची आघाडी दिली. ती काय लिफ्टमननी दिली? शिवाय मलबार हिल विधानसभा म्हणजे फक्त टॉवर नव्हेत, ताडदेव-गिरगावच्या चाळीही त्यातच येतात.

मतमोजणी मास्तर

@बोरिवली फास्ट, मी २००९चं सांगितलं. माझं बूथ, माझी शाई. २०२४ला मी रांगेत होतो, टेबलामागे नाही. मोबाइल आत नेऊ देत नव्हते आणि ठेवायलाही जागा नाही. मुलगा बाहेर दोन मोबाइल धरून उन्हात उभा, मग तो आत आणि मी बाहेर.

लालबागची सून

सगळे लोक एक गोष्ट विसरताय. २००८ची मतदारसंघांची पुनर्रचना.

लग्न होऊन लालबागला आले तेव्हा आमचा मतदारसंघ मुंबई दक्षिण मध्य. सासरे गिरणीत होते, १९८२च्या संपात घरी बसले ते बसलेच. ८४ला इंदिराबाईंच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट, शेजारी देवरा आले, आणि आमच्या दक्षिण मध्य मधून त्या संपाचे नेते, अपक्ष डॉक्टर दत्ता सामंत. सासरे अजून सांगतात, "लाट चिंचपोकळीच्या पुलापर्यंत आली आणि परत गेली." नंतर मोहन रावले, १९९१ पासून पाच वेळा. म्हणजे आम्ही गिरणगाव, ते साहेबांचं दक्षिण मुंबई.

२००९ला मतदानाची चिठ्ठी आली. त्यावर "३१ – मुंबई दक्षिण". सासऱ्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि चिठ्ठी आणून देणाऱ्या मुलाला जिन्यातून परत बोलावलं. "अरे, चुकीची दिलीस. आम्ही कुलाब्याला कधी राहायला गेलो?" त्याला बिचाऱ्याला काय माहीत. म्हणाला, "काका, तुम्ही इथेच आहात, कुलाबा तुमच्याकडे आलाय."

चाळकरी

😂😂 "कुलाबा तुमच्याकडे आलाय" हे धाग्याचं शीर्षक हवं होतं.

दप्तरी

@लालबागची सून यांनी मर्मावर बोट ठेवलं. थोडे तपशील जोडतो.

२००८च्या आधी मुंबई दक्षिणमध्ये विधानसभेचे कुलाबा, उमरखाडी, मुंबादेवी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस आणि मलबार हिल होते. आता आहेत वरळी, शिवडी, भायखळा, मलबार हिल, मुंबादेवी आणि कुलाबा. म्हणजे खेतवाडी, ऑपेरा हाऊस, उमरखाडी ही नावं गायब आणि अर्धं गिरणगाव आत. बेटावरच्या मुंबई शहराच्या १७ विधानसभा जागा होत्या, त्यांच्या १० झाल्या. उपनगरांच्या १७ होत्या, त्या २६ झाल्या. माणसं बोरिवली-मुलुंडला गेली, जागाही त्यांच्यामागे गेल्या.

मतांवर नजर टाका. २००४ला मिलिंद देवरा १,३७,९५६ मतं घेऊन जिंकले, जयवंतीबेन १०,२४६ ने मागे. २००९ला तेच देवरा २,७२,४११. पाच वर्षांत लोकप्रियता दुप्पट नाही झाली, मतदारसंघ फुगला.

आणि २००९चा हा निकाल मेहुण्याला जरूर दाखवा. दुसऱ्या क्रमांकावर मनसेचे बाळा नांदगावकर, १,५९,७२९. तिसरे सेनेचे रावले, १,४६,११८. करा बेरीज.

चाळकरी

३,०५,८४७. म्हणजे देवरांपेक्षा ३३ हजार जास्त!

टोचरा

हेच मी कधीपासून सांगतोय. भाऊबंदकी नसती तर २००९लाच जागा आली असती. मराठी माणसाचं दुर्दैव.

बोरिवली फास्ट

@टोचरा, बेरीज कागदावर होते, मतपेटीत नाही. मनसेचं प्रत्येक मत सेनेला गेलं असतं हे कशावरून? कित्येकांनी सेनेवर वैतागूनच मनसेला दिलं होतं. आणि वर तुम्हीच म्हणता ५७ला मराठी माणूस निर्णायक नव्हता. २००९ला झाला तो गिरणगाव जोडल्यामुळे, मतदार काही ढवळून निघाला नाही.

टोचरा

गिरणगाव जोडलं तेव्हा गिरणगावात उरलं काय होतं? गिरण्यांच्या जागी टॉवर. मराठी माणसाला हद्दपार केलं आणि मग मतदारसंघात घेतलं.

बोरिवली फास्ट

हद्दपार कुणी केलं? आमच्या काकांनी खोली विकली, बोरिवलीला दोन बेडरूम घेतल्या आणि आता फेब्रुवारीत गोराईच्या डासांना शिव्या देत गिरगावच्या आठवणी काढतात. बिल्डरने दरवाजा तोडला नव्हता, पेढे घेऊन आला होता.

टोचरा

संपात पगार बंद झालेल्याने खोली विकली त्याला पेढे म्हणत नाहीत.

लालबागची सून

@टोचरा, @बोरिवली फास्ट, दोघेही थोडे बरोबर आणि दोघेही ओरडताय. आमच्या मजल्यावर आठ खोल्या. तिघांनी विकल्या, दोघे गावी गेले, एकाकडे भाडेकरू, आम्ही आहोत, आणि आठवीला कुलूप आहे. पण आठही जणांची नावं बरीच वर्षं यादीत इथेच होती.

एडिसनकर

आमच्या वडिलांचं नाव ते गेल्यानंतर दोन निवडणुका ठाकूरद्वारच्या यादीत होतं. माझं अजून असेल, पण परदेशातून मत टाकता येत नाही, स्वतः बूथवर जावं लागतं. एका मतासाठी एडिसन ते ठाकूरद्वार कोण येणार? (आई म्हणते, लग्नाला येतोस ना तसाच ये.)

कट्ट्यावरचा

१९७७ आणि ८० राहिले की. राजडांवर कुणी बोलणार?

दप्तरी

७७ सोपं आहे. आणीबाणीनंतर मुंबईच्या सहाच्या सहा जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. राजडा, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, राम जेठमलानी, सुब्रमण्यम स्वामी, बापू कांबळे. गोंधळात टाकतं ते १९८०. देशभर इंदिराबाई परत आल्या, जनता पक्षाचं पानिपत झालं, आणि मुंबईत जनता पक्षाने सहापैकी पाच जागा जिंकल्या. दक्षिण मुंबईत राजडांनी हरवलं कुणाला? मुरली देवरांना. म्हणजे ज्यांची "जहागीर" म्हणतात त्यांचं लोकसभेचं खातं इथे पराभवाने उघडलं.

चाळकरी

हे मेहुण्याला फोन करून सांगितलं. पाच सेकंद शांतता. मग, "बरं, पण व्यापारी मतं नेहमी काँग्रेसला."

खेतवाडीचा नातू

व्यापारी मतं जो सत्तेत असेल किंवा येणार असेल त्याला. राजडा गुजराती, जयवंतीबेन गुजराती, देवरा मारवाडी. १९९६ला सेना-भाजप युतीने मुंबईतल्या सहाही जागा घेतल्या तेव्हा भुलेश्वरच्या पेढ्या काय उपाशी राहिल्या? मुरलीभाईंचं कौशल्य वेगळं होतं. पक्ष कोणताही असो, फोन ते उचलायचे. म्हणून ९८ला परत आले.

बोरिवली फास्ट

आणि २०२४ने तर सगळी समीकरणं उलटी केली. सेना विरुद्ध सेना, मशाल विरुद्ध धनुष्यबाण. यामिनी जाधव तेव्हा भायखळ्याच्या आमदार, आणि भायखळ्यातच मोठ्या फरकाने मागे. मुंबादेवी, भायखळ्याच्या मुस्लिम मोहल्ल्यांनी ठाकऱ्यांच्या सेनेला मतं दिली हे बाळासाहेबांच्या काळात कुणी सांगितलं असतं तर लोक हसले असते. उलट वरळीत, आदित्य ठाकऱ्यांच्या घरच्या मैदानावर, सावंतांची आघाडी सात हजारांच्या आत. एकूण ५२,६७३ ने आले.

कट्ट्यावरचा

आणि मिलिंदभाऊ त्याच जानेवारीत शिंदे सेनेत. नोव्हेंबरात वरळीतून विधानसभेला उभे, आदित्यकडून ८,८०१ ने पडले. जहागीरदार आता भाडेकरू झाले. (हलकं घ्या)

मतमोजणी मास्तर

मूळ प्रश्नावर येऊ का? बालेकिल्ला कुणाचाच नाही, असं माझं मत. १९५२ला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, तेव्हाची दक्षिण मुंबई वेगळी. ६७ची वेगळी. २००९ पासूनची तर सरळ दुसरीच, पाटी तेवढी जुनी. आमच्या शाळेचंही तसंच झालं होतं. इमारत पाडली, वर्ग हलवले, मुलं बदलली, आणि वर्धापनदिनाला "स्थापना १९२१" लिहायचे.

चाळकरी

मास्तर, पटलं. आणि त्यातून एक गंमत निघाली. मेहुणा राहतो लालबागला. म्हणजे २००९ आधीच्या "दक्षिण मुंबई"शी त्याचा संबंधच नाही! त्याचे वडील ८४ला दत्ता सामंतांच्या मतदारसंघात होते. त्याच्या घरापुरता हिशेब केला तर काँग्रेस १, सेना ३.

हे त्याला सांगितलं तर म्हणतो, मग तूही ठाकूरद्वार सोडून डोंबिवलीला आलास, तुझा तरी काय संबंध? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बहिणीने निकाल दिला, दोघांचंही डिपॉझिट जप्त. खरवस ती आणणार, पैसे आम्ही अर्धे अर्धे.

कट्ट्यावरचा

पत्ता द्या.

एडिसनकर

खरवस कुरिअर होतो का? 😢

लालबागची सून

हा धागा सासऱ्यांना वाचून दाखवला. सामंतांचं आलं तेव्हा "पुढे वाच" म्हणाले, दोनदा. मी म्हटलं, पुढची पुनर्रचना झाली की आपल्याला कुठे टाकतील काय माहीत. म्हणाले, "कुठेही टाकू दे, ठाण्यात टाकलं तरी चालेल. बूथ फक्त तळमजल्यावर ठेवा म्हणावं. गेल्या वेळी दोन जिने चढायला लावले."